बसलेली चौकट

रविवार, दिवाळी सरल्यानंतरचा. स्थळ: मुरबाडच्या बाजारपेठेतलं एक सराफाचं दुकान. हजर: दुकानाचे शेठ, आमचे आटगावचे शेजारी बाळूभाऊजी, आणि पाण्याची बाटली व कामांची यादी घेऊन मी. गैरहजर: ज्यांचा साखरपुडा आहे ते दोघंही.

बाळूभाऊजींनी दुकानात पाय ठेवला आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "हुकूम कोनाचा?"

शेठ गोंधळले. "मालक कोण, असं विचारतायत," मी खुलासा केला.

बाळूभाऊजी सगळं जग पत्त्यांत मोजतात. गावात कुणी आजारी पडलं की "तिर्री झालीय त्याची." लाईट गेली की "पिसतायत, येल परत." माझ्या नवऱ्याला ते बदामचा राजा म्हणतात. का, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळलेलं नाही.

आजचं काम मात्र खेळाचं नव्हतं. त्यांचा निलेश कल्याणला नोकरीला आहे, तिथलीच सायली त्यानं पसंत केली. मुलीची अंगठी मुलाकडच्यांनी करायची, ती निवडायची सासूनं. पण भाऊजींची बायको सुमन जाऊन दोन वर्षं झाली. "पप्पा, मी इथूनच घेतो ना," निलेश म्हणाला. भाऊजी हट्टाला पेटले. "सूनबाईची अंगठी या घरातनं जानार. नायतर या घराचा तिला काय संबंध?" शहापूरची दुकानं पालथी घालून झाली, एकही खडा पसंत पडला नाही. साखरपुडा तोंडावर आला, म्हणून मुरबाड. बाईमाणूस हवं, म्हणून मी.

"चौकट दाखवा," भाऊजी शेठना म्हणाले.

"दाराची? सुतार पलीकडच्या गल्लीत आहे."

"पत्त्यातली वो! हिरा म्हंजे चौकट!"

मी घाईघाईनं सायलीनं पाठवलेला अंगठीचा फोटो पुढे केला. "हां, प्रिन्सेस कट," शेठना हायसं वाटलं. "प्रिन्सेस म्हणजे राजकन्या."

भाऊजी विचारात पडले. "पत्त्यात गुलाम, रानी, राजा. राजकन्या कुठं असते?"

शेठ खड्यांची पेटी काढायला वळले.

"आनि कट केला म्हंता, तर आदी पिसला कोनी?"

शेठनी दोन चौकोनी खडे काढून पुढ्यात ठेवले. भाऊजींनी मान वाकडी करून पाहिलं. "ही बसलीय. चौकट टोकावर उभी असते."

शेठनी चिमट्यानं खडा फिरवला. "आता?"

"आता चौकट."

शेठनी परत सरळ केला. "आता?"

"आता लादी."

"फोटोत सरळच आहे, भाऊजी," मी म्हटलं.

"मंग लादी द्या," ते उदास होऊन म्हणाले.

आता निवडायची कुठली, हा प्रश्न होता. मी यादीच्या मागे दोन रकाने पाडले. शेठ सांगत गेले: चारी बाजू सारख्या हव्यात, कोपरे शाबूत हवेत, हलवला की चमक कोपऱ्यापर्यंत पोचायला हवी, मध्ये काळोखी नको. इथपर्यंत मला कळलं. मग त्यांनी वजन सांगितलं आणि माझे रकाने कोलमडले. जो खडा वजनाला जास्त, तो दिसायला लहान आणि मंद. जो हलका, तो मोठा आणि लखलखीत.

"तुमची वजनाची चिठ्ठी उलटी लागलीय का?" मी विचारलं.

"नाही ताई. याला खोल कापलाय. वजन पोटात गेलंय, तोंडावर आलं नाही."

"आमच्या निलेशसारखा," भाऊजी पुटपुटले. "पोटात हाय समदं, तोंडावर काय नाय."

मी दोन्ही रकान्यांवर काट मारली. भाऊजींनी लखलखीत खड्यावर बोट ठेवलं. शेठनी डबी उघडता उघडता सांगितलं, "याचे चारी कोपरे सोन्यानं झाकून घ्या. चौकोनी हिऱ्याचा कोपरा आपटला तर टवका उडतो."

"हिऱ्याचा?"

"हिऱ्याचाच. कठीण असतो, पण कोपऱ्याला नाजूक."

भाऊजींनी पत्त्यातलं काहीच काढलं नाही. खड्याचे कोपरे एकेक करून बोटानं मोजले. मग म्हणाले, "झाका. चारी झाका."

"बोटाचं माप?"

मी यादी पाहिली. माप विचारण्याचं काम भाऊजींकडे होतं.

"फोन केला नाहीत?"

"लावला. दोनतीनदा लावला. वाजायच्या आदीच कापला."

"अहो, नुसतं माप तर विचारायचं!"

"तेच ना, वयनी. माप विचारलं की फोन संपला. पुढं काय बोलायचं?" ते काचेवर बोट फिरवत राहिले. "ही असती तर सहज बोलली असती. साडीचं, भाजीचं बोलता बोलता विचारलं असतं... आटगावला राहायला येनार ना पोरी, का तिकडंच बिऱ्हाड करनार? निलेश तर काय बोलतच नाय. बापानं कसं विचारावं? तिला वाटायचं, म्हातारा आत्तापासनंच अडकवतोय."

मी दुकानाच्या पायरीवरून सायलीला फोन लावला. तिनं माप पटकन सांगितलं, मी ते शेठना कळवलं. मग फोन भाऊजींच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, विचारा.

त्यांनी घसा साफ केला.

"हां, मी... निलेशचे पप्पा. बरा हाय. जेवलीस काय गो?"

पलीकडून ती काहीतरी लांबलचक सांगू लागली. भाऊजी रस्त्याकडे बघत ऐकत राहिले, दोनदा "बरं, बरं" म्हणाले, एकदा हसलेसुद्धा. मग फोन मला परत दिला.

"काय म्हणाली?"

"वरन-भात केलाय म्हनाली. मीठ जास्त झालं."

"आणि तुमचं ते?"

ते चपला शोधायला वाकले.

आजचा हिशेब असा. खडा: पसंत. कोपरे: चारी झाकायचे. माप: दिलं. सायली आटगावला राहायला येणार का, हे विचारणे: बाळूभाऊजींकडे. राहिलं.