बिनभोकांचा पट्टा

"अजून एक ग्लास?" अप्पांनी केविलवाण्या सुरात विचारलं.

"फोनवर बजावून सांगितलंय, पाणी भरपूर पिऊन यायचं आणि बाथरूमला जायचं नाही. प्या गुपचूप," माई म्हणाल्या.

आज अप्पांच्या पोटाची सोनोग्राफी होती. गेला महिनाभर त्यांच्या बेंबीखाली दुखत होतं. घरात लेंग्यावर असले की बरं वाटायचं, बाहेर चक्कर मारून आले की पोट धरून बसायचे. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, नुसतं "हं" म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली. त्या "हं"ने माईंच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. वरवर त्या नेहमीसारख्या करवादत होत्या; पण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मनात एकच चालायचं. 'सगळं ठीक निघू दे. मग या माणसाने काय हवं ते मागवावं, मी अवाक्षर काढणार नाही.'

हे 'मागवणं' निवृत्तीनंतरचं. जन्मभर अप्पा पांढरा शर्ट आणि करडी पॅन्ट घालून कचेरीत गेले. मग लेकीने मोठ्या पडद्याचा फोन दिला आणि त्यात त्यांना एक दाढीवाला तरुण भेटला. तो जुन्या हिरोंच्या केसांच्या गमती सांगायचा, गाण्यांच्या नकला करायचा. अप्पा खो खो हसायचे. हसता हसता तो दाढीवाला हळूच विचारायचा, "पुरुषहो, तुमचं पाकीट तुमच्याबद्दल काय सांगतं?" की दोन दिवसांनी दारात खोकं हजर! असं पाकीट आलं, ज्यात सुटे पैसे मावत नव्हते. बुटातच गुडूप होणारे मोजे आले. दाढीचं तेलही आलं. अप्पांना दाढी नव्हती.

आणि शेवटी आला बिनभोकांचा पट्टा. टोक ओढलं की टक् टक् करत आवळायचा, हवा तिथे थांबायचा. बकलाखालचा खटका दाबला की सुटायचा. दाढीवाल्याने त्याच पट्ट्याने चक्क जीपगाडी ओढून दाखवली होती.

अप्पांचा जुना पट्टा खुंटीवर गेला. त्याची शेवटची चार भोकं माईंनी खिळा तापवून पाडलेली होती. एक बढतीच्या वर्षीचं, एक लेकीच्या लग्नानंतरचं. माईंना त्या पट्ट्यावरून सगळा संसार वाचता यायचा.

"अहो, आज तरी लेंगा घाला."

"लेंगा? दवाखान्यात? तिथे डॉक्टरीणबाई आहेत म्हणे," म्हणत अप्पांनी पोट आत घेतलं आणि पट्टा रोजच्यापेक्षा एक टक् जास्त ओढला.

दवाखान्यात पोचले, तर मध्येच एक तातडीचा पेशंट आला. बाकावर बसून अप्पांनी आधी एका पायावर दुसरा पाय टाकला, मग दुसऱ्यावर पहिला. समोरच्या कोपऱ्यात पाण्याच्या मशिनमधून थेंब थेंब पाणी ठिबकत होतं.

"अगं, ते बंद करायला सांग ना!"

"तिकडे बघू नका. भिंतीकडे बघा."

भिंतीवर धबधब्याचं चित्र होतं.

अखेर हाक आली. आत एक ठसक्यातल्या सिस्टर होत्या. "आजोबा, शर्ट वर घ्या, पट्टा काढा आणि झोपा."

अप्पांनी खटका दाबला. पट्टा ढिम्म. पुन्हा दाबला. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबला. आतल्या पाण्याने पोट असं फुगलं होतं की पट्टा ताणून बसला होता आणि खटका अडकला होता.

"पोट आत घ्या," सिस्टर म्हणाल्या.

"बाई, आता आत काही घेण्यासारखी परिस्थिती नाही हो!"

सिस्टरनी जोर लावून पाहिला. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनीही पाहिला. कात्री आणली, तर ती पट्ट्यावरून नुसती घसरली.

"कापला जायचा नाही," अप्पा कण्हत म्हणाले. कण्हण्यातही थोडा अभिमान होता. "याने जीप ओढलीय."

"मग त्या जीपवाल्यालाच बोलवा," माई कडाडल्या. पण अप्पांच्या कपाळावरचा घाम पाहून त्यांना भडभडून आलं. महिनाभर ज्याची धास्ती घेतली, ते कळायची वेळ आली आणि मध्ये हा मेला पट्टा!

एकाएकी त्यांना आठवली पिवळी पॅन्ट. नवं लग्न झालं होतं. कुठल्याशा सिनेमातल्या हिरोची पाहून अप्पांनी कमरेत घट्ट आणि खाली घेरदार अशी पॅन्ट शिवून घेतली होती. ती उभ्याने कधीच लागली नाही. अप्पा कॉटवर उताणे पडायचे, माई गुडघे टेकून बटण ओढायच्या आणि दोघांची हसून पुरेवाट व्हायची.

"अहो, आडवे व्हा."

"आधी पट्टा काढायचा, मग झोपायचं," सिस्टर म्हणाल्या.

"यांचं उलटं असतं. तरुणपणापासून."

अप्पा पलंगावर उताणे झाले. पोट जरा मागे गेलं. माईंनी पट्ट्याचं टोक धरलं आणि खटक्यावरचा ताण सुटावा म्हणून ते आणखी आवळलं.

"अगं ए! मारतेस की काय?"

"हसायचं नाही, ओरडायचं नाही," म्हणत माईंनी खटका दाबला. खट्! पट्टा सुटला आणि अप्पांनी असा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेल लावून मशीन फिरवलं. माई पट्टा मुठीत धरून उभ्या होत्या. पडद्यावर त्यांना नुसतं करडं ढगाळ काहीतरी दिसत होतं.

"सगळं व्यवस्थित आहे, आजी. काहीही नाहीये." मग बाईंनी पोटावरच्या लाल वळाकडे बोट दाखवलं. "आजोबा, दुखतं ते इथेच ना? पट्टा कधीपासून वापरताय?"

"झाला की... महिना," अप्पा म्हणाले आणि माईंच्या मुठीतल्या पट्ट्याकडे बघू लागले.

सिस्टर पदर नसल्यामुळे तोंडाला फाइल लावून हसल्या. अप्पा मात्र दोन्ही हातांनी पॅन्ट धरून, जीपलाही मागे टाकतील अशा वेगाने बाथरूमकडे पळाले. माई बाकावर बसल्या. त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही वाहत होते. दोन्ही आवरायचा त्यांनी प्रयत्नच केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा जुना पट्टा लावून खुर्चीत बसले होते. फोनमधून ओळखीचा आवाज आला, "पुरुषहो, पट्ट्यांचा जमाना गेला! आता खांद्यावरून पॅन्ट धरणारे गॅलस!"

माईंनी तोंड उघडलं. मग स्वतःचाच शब्द आठवला आणि मिटलं. चष्मा लावून अप्पांच्या खांद्यावरून त्या फोनमध्ये डोकावल्या.

"पिवळ्या रंगात आहेत का बघा," त्या म्हणाल्या. "आणि मोठ्या मापाचे घ्या."