बातमीपुरतं दुःख

आमच्या धाकटीला सुवर्णपदक मिळालं आणि आमच्या घरात पुरेसं दुःख नाही, ही गंभीर बाब उघडकीस आली.

वार्ताहर छापील तक्ता घेऊनच आला होता. यशामागची कहाणी छापायची, तर किमान तीन हालअपेष्टा आवश्यक.

"काकू, वडील?"

"हे काय, समोर बसलेत."

"अरेरे," म्हणत त्याने फुली मारली. "अनवाणी सराव?"

"बुटांचे दोन जोड आहेत."

"त्यातला एखादा तरी उसना?"

धाकटी मध्येच म्हणाली, "दादा, शेवटच्या क्षणी मी डावा गुडघा जो वाकवला ना, ते जमायला अकरा महिने लागले. तेवढं छापाल?"

"गुडघा मोडला होता?"

"नाही हो, वाकवला."

"मग राहू दे."

तिचा पडलेला चेहरा ह्यांना बघवेना. "मी आजारी पडू का?" ह्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भर उन्हाळ्यात रजई ओढून असे काही खोकले, की वार्ताहरासोबतचा छायाचित्रकार दचकला.

"काका, थोडं कमी. फोटोत आवाज येत नाही."

सकाळी छापून आलं: 'मृत्युशय्येवरील पित्याला लेकीचं सोनं!' दुपारी माझ्या नणंदबाई हंबरडा फोडत आल्या. दार ह्यांनीच उघडलं, त्यामुळे त्यांना सावरावंही ह्यांनाच लागलं. संध्याकाळी क्रीडा संघटनेचं पत्र: 'पितृसेवेसाठी आपल्या कन्येस आगामी स्पर्धेतून सहानुभूतिपूर्वक वगळण्यात येत आहे.'

धाकटीने जेवणाचं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी हे तडक संघटनेत.

"अहो, मी ठणठणीत आहे!"

"पेपरात तसं नाही," सचिव म्हणाले. "खुलासा छापून आणा."

वार्ताहर म्हणाला, "खुलासा कोण वाचतो, काका? चमत्कार असेल तर बघा."

'पदक छातीला लावताच पिता चालू लागला!' संघटनेने धाकटीला परत घेतलं आणि जाहीर सत्कार ठेवला. ह्यांचा. पदकाला हात लावायला रांग लागली. पाठदुखीवाले पुढे, मणक्याचे मागे. धाकटीने माईक मागितला, तेव्हा सचिव म्हणाले, "वेळ नाही, बेटा. काका, एकदा पूर्वीसारखं खोकून दाखवा!"

घरी येताना ती म्हणाली, "आई, मी कोणता खेळ खेळते, हे एकानेही विचारलं नाही गं."

"पेपरवाल्यांचं सोड," मी म्हटलं. "मी सगळं लिहून काढते. निवांत वाचणाऱ्या माणसाला तरी प्रश्न पडेलच."

काय हो, पडला होता?