पाठमोरे जिभाऊ

वसंतपंचमीच्या सकाळी तापीकाठच्या प्रकाशा गावातला एक खातापिता, अब्रूदार, साठी ओलांडलेला माणूस आपल्याच बागेत खाट टाकून भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि त्याच्या पाठीमागे अख्खं गाव त्याची बाग लुटायचं. कोणी गुलाबाची काडी कापायचं, कोणी केळीचा मुनवा उपटायचं, कोणी जाईचा फुटवा मुळासकट काढून धोतराच्या सोग्यात लपवायचं. हा माणूस हलायचा नाही. लुटालूट आटोपली की उठायचा, उरलेल्या बागेवरून नजर फिरवायचा आणि तृप्त चेहऱ्याने म्हणायचा, "मी काई दखं नही!"

हे जिभाऊ. जिभाऊ म्हणजे खानदेशात थोरला भाऊ. खरं नाव फक्त तलाठ्याला ठाऊक असावं; लहानथोर सगळे त्यांना जिभाऊच म्हणत. मी नाशिककडून ह्या गावच्या मराठी शाळेवर नवीनच आलो होतो, आणि मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं करणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. त्यामुळे जिभाऊंना तसं बसलेलं पाहिलं तेव्हा ह्या गृहस्थांना कोणीतरी शिक्षा केली आहे अशीच माझी समजूत झाली. मागे माणसं कोयते घेऊन झाडांवर तुटून पडलेली. मी ओरडलो, "अहो, बाग तोडताहेत तुमची!"

जिभाऊ मान न वळवता खेकसले, "मास्तर, वरडू नका! रोपे मरी जातीन!"

त्यांचं शास्त्र असं होतं. मागून आणलेलं रोप लागत नाही. कोणी हौसेने दिलेलं तर मुळीच लागत नाही. रोप लागतं ते फक्त चोरलेलं. चोराने चोरताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, आणि नेलेल्या झाडाला पहिलं फूल येईपर्यंत चोरी कबूल करायची नाही. फूल आल्यावर खुशाल दवंडी पिटावी. असलं काहीबाही बायका सगळीकडेच बोलतात. पण जिभाऊंनी त्याचा कायदा केला होता, आणि माणूस मनाचा मोठा असल्यामुळे कायद्याची सोयही स्वतःच करून दिली होती. गावाला झाडं हवीत ना, मग गावाने चोरावं. आपण पाठ करून बसावं.

संक्रांत झाली की त्यांच्या अंगात यायला सुरुवात होई. आंब्याला मोहोराचा पहिला तुरा दिसला की ते खांद्यावर कुदळ टाकून गल्लोगल्ली फिरत. ज्याच्या दारातल्या झाडाचं आळं कोरडं, त्याच्या नावाने भर रस्त्यात उद्धार. तापीवर देवदर्शनाला लोक येत त्या वाटेवर त्यांनी कडुनिंब आणि पिंपरणी लावल्या होत्या, आणि प्रत्येक घराला एकेक झाड वाटून दिलं होतं. माघात घरटी एक माणूस आपल्या झाडाशी हजर. पालापाचोळा झाडायचा, आळं करायचं, खोडाला गेरू-चुना लावायचा आणि नदीवरून पाण्याचा एक हंडा आणून ओतायचा. पाटील, सुतार, वाणी, कोणाची सुटका नव्हती. माझ्या वाट्याला आलेलं पिंपरणीचं झाड मी दोनदा मारलं. तिसऱ्यांदा जिभाऊंनी माझ्याऐवजी माझ्या बायकोच्या नावावर केलं, मग ते वाढलं.

पंचाईत झाली ती आमच्या गावच्या जैन शेठजींची. मारवाडातून आलेलं घराणं, किराण्याचं दुकान, माणूस देवभोळा. त्यांना जिभाऊंची तांबडी जास्वंद दारात हवी होती. पण न दिलेली वस्तू उचलायची नाही हे त्यांचं व्रत, आणि दिलेलं रोप लागत नाही हा ह्यांचा कायदा. दर वर्षी पंचमीला शेठजी फाटकापर्यंत येत, आत डोकावत, म्हणत, "जिभाऊ, एकदा फक्त 'ले जाव' म्हणा." जिभाऊ भिंतीला सांगत, "म्हनाव नही! मरी जाई." दोघं तासभर वाद घालत, त्यातला एक भिंतीकडे तोंड करून. शेवटी एका वर्षी शेठजींच्या गाईने फाटकातून मान घालून जास्वंदीची फांदी ओढली, चघळत घरापर्यंत नेली आणि दारातल्या चिखलात टाकली. गाईला व्रत नव्हतं. जास्वंद अशी फोफावली की शेठजींना पायरी बदलावी लागली. जिभाऊ येताजाता तिच्याकडे बघत आणि म्हणत, "मी काई दखं नही!"

अख्ख्या बागेत एकच झाड चोरीला बंदी असलेलं होतं. विहिरीजवळचा बटमोगरा. तो गोदामायचा, म्हणजे जिभाऊंच्या बायकोचा. मी गावात यायच्या आधीच ती माउली गेली होती. मूलबाळ नव्हतं, पुतणे मळ्यात राहत, ह्या घरात जिभाऊ एकटेच. गोदामाय खापर गावची. नवी नवरी म्हणून सासरी निघाली तेव्हा शेजारणीच्या परसातली मोगऱ्याची काडी चोरून, ओल्या फडक्यात गुंडाळून, बैलगाडीत मांडीवर धरून आणली होती. घुंगटाखाली रडतेय म्हणून सगळे समजूत काढत होते, आणि ती फडक्यावर पाणी शिंपडत होती. चोरीचा कायदा घरात आणला तो तिनेच.

त्या मोगऱ्याभोवती बोराटीचं काटेरी कुंपण होतं. पंचमीला पाठ करून बसलेले जिभाऊ त्या बाजूला कोणाचं पाऊल वाजलं की सर्रकन वळत. एकदा पुजाऱ्यांनी देवासाठी म्हणून एका कळीला हात घातला, तर जिभाऊ म्हणाले, "देवले दुसरं फूल चालस."

मग एका पौषात त्या मोगऱ्याची पानं पिवळी पडू लागली. जिभाऊंनी बुंध्याशी उकरून पाहिलं तर वाळवी. निंबाची पेंड घातली, राख घातली, तंबाखूचं पाणी ओतलं. खोड आतून पोकळ झालं होतं. उन्हाळा काढणार नाही हे त्यांना दिसत होतं. पूर्वी कधीतरी त्यांनी स्वतःच्या हाताने काड्या लावून पाहिल्या होत्या, एकही लागली नव्हती. लागणार कशी? आपल्याच घरात आपण चोर कसे होणार? म्हणजे आता झाड वाचवायचं तर कोणीतरी चोरायला हवं होतं. आणि 'चोरा' असं सांगितलं की ते दिल्यातच जमा.

त्या माघात जिभाऊ विचित्र वागू लागले. आधी त्यांनी बोराटीचं कुंपण काढून टाकलं. मग मोगऱ्याशेजारी धार लावलेला विळा ठेवला. गाव हादरलं. पारावर बैठक बसली आणि जिभाऊ आपली परीक्षा बघताहेत असा एकमुखी निकाल लागला. विळ्याचा अर्थ कोणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

पंचमीच्या दिवशी खाट नेहमीच्या जागी नव्हती. ती अशी टाकली होती की जिभाऊंची पाठ नेमकी मोगऱ्याकडे यावी. चाहूल आपल्या कानावर पडू नये म्हणून ते मोठ्याने भजन म्हणत होते. त्यांचा आवाज असा की विहिरीवरची कबुतरं उडाली. आणि मोगऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाटलांचे दोन धट्टेकट्टे मुलगे हातात काठ्या घेऊन उभे! गावाने आपण होऊन पहारा बसवला होता.

भजन संपलं. जिभाऊ वळले. बाग ओरबाडलेली, आणि मोगरा जसाच्या तसा. पाटील छाती पुढे काढून म्हणाले, "जिभाऊ, तुम्हीन चिंता करू नका. एक पान हालनं नही!"

जिभाऊंनी पाटलांकडे पाहिलं, मोगऱ्याकडे पाहिलं. त्या वर्षी 'मी काई दखं नही' ऐकू आलं नाही. ते घरात गेले.

मी घरी येऊन हा सगळा प्रकार रंगवून सांगितला. माझी बायको शांता, माहेर खानदेशातलंच, तळोद्याचं, चुलीपुढून उठली आणि माझ्याकडे अशी बघू लागली जसा मी पाढा चुकणाऱ्या पोराकडे बघतो. म्हणाली, "त्यांना चोर हवा होता. इतकी माणसं जमली होती, एकालाही कळू नये?" दुपारी ती घागर घेऊन जिभाऊंच्या विहिरीवर गेली. परत आली तेव्हा घागर रिकामी आणि पदराखाली मोगऱ्याच्या दोन काड्या. जिभाऊ ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते म्हणे. झोपले होते की जागे, मी विचारलं. ती म्हणाली, "पाठ होती. मी काय विचारत बसू?"

काड्या न्हाणीमागे लावल्या. एक कुजली. दुसरीला दोन पानं फुटली. ऊन तापलं तसं शांता तिच्यावर फुटकं मडकं पालथं घालू लागली. घरातल्या कोणाची आंघोळ चुकली तर ती आमच्या प्रकृतीची चौकशी न करता झाडाला पाणी कमी पडलं म्हणून रागवायची.

वैशाखात जिभाऊंचा मोगरा वाळला. त्यांनी तो तोडला नाही, जाळला नाही. विहिरीजवळ त्या काटक्या तशाच उभ्या होत्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांत झाली, आंबे मोहोरले, आणि कुदळ काही बाहेर निघाली नाही. वाटेवरची झाडं गेरू-चुन्यावाचून उभी. लोक हंडे घेऊन जिभाऊंच्या दारावरून दोन दोन खेपा घालत, कोणी ओरडतंय का बघत आणि परत जात. पंचमीला खाट पडली नाही. बागेचं फाटक उघडं होतं, तरी कोणी आत गेलं नाही. शेठजी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, त्यांची तब्येत बघा. माणूस शिव्या देत नाही म्हणजे काय?"

मला राहवेना. मी शांताला म्हणालो, "सांगून टाकू या. जिवंत आहे म्हणावं." ती म्हणाली, "फूल येऊ दे. बोललात तर मरेल." मी शाळेत झाडाला मुळातून पाणी कसं चढतं ते फळ्यावर चित्र काढून शिकवणारा माणूस. पण एक दिवस म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा बघून यायचो, दुसऱ्या दिवशी न्हाणीमागची पानं मोजायचो, आणि तोंड उघडायची छाती व्हायची नाही. उगाच मेलं तर?

फाल्गुनात कळी दिसली. एका सकाळी ती उमलली. शांता तडक जिभाऊंच्या ओसरीवर गेली. मोगऱ्याचं नाव तिने काढलं नाही. एवढंच म्हणाली, "जिभाऊ, आज दुपारले मी मांगला दारले तांदूळ निवडाले बसणार शे. भिंतकडे तोंड करीसन."

जिभाऊ उठून बसले.

दुपारी ते आले. विळा उपरण्यात गुंडाळलेला, वहाणा हातात, चवड्यांवर चालत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. जन्मभर चोरांना सांभाळलेल्या ह्या माणसाला स्वतःला चोरी मुळीच येत नव्हती. आधी बादलीला पाय लागला, मग दोरीवरचं धोतर डोक्यावर पडलं. शांताने सूप हलवणं थांबवलं नाही.

मोगऱ्यासमोर ते उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. विळा उपरण्यातून बाहेर आला नाही. एकेक पान त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं, फुलाला मात्र हात लावला नाही. एकदाच, अगदी हळू, "गोदा" म्हणाले. शांता तेच मूठभर तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत होती.

मग ते उठले आणि सरळ तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. चोराने असं करायचं नसतं. हात रिकामे होते.

"काबरं जिभाऊ?" ती म्हणाली. "काडी नही कापी?"

"नही, माय. घर लई जाईसन काय करू? तठे फूल माळनारं कोन शे?"

शांताने सूप खाली ठेवलं. ती उठली, ते एकुलतं फूल खुडलं आणि त्यांच्या समोरच अंबाड्यात खोवलं. जिभाऊ रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि खिडकीशी माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

चैत्रात झाड बहरलं. जिभाऊ रोज संध्याकाळी यायचे. शांता फुलं ओवायला बसली की दोऱ्याचं दुसरं टोक धरून ते समोर बसायचे. गजरा पुरा झाला की हातात घ्यायचे, थोडा वेळ बघायचे, तिला परत द्यायचे आणि दिवेलागणीला घरी जायचे.