मगरमावशीचा बारीक बदल

एका जंगलात एक काळा खडक होता. मुलांनो, नीट बसा. एकदाच सांगणार आहे. त्या खडकावर कोणीही कोळशाने लिहावे आणि कोणीही ते सुधारावे, अशी रीत होती.

खडक साधा नव्हता. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या काढल्या की तो ठळक व्हायचा. बरोबरची चिन्हे काढली की त्याचे शीर्षक व्हायचे. चौकोनी कंसात घातला की त्याची वाट व्हायची. त्यावर पाय ठेवला की थेट त्या ठिकाणी.

काटेबुवा साळिंदराला यातले काही येत नव्हते. त्याचे बीळ पाणवठ्याच्या काठावर होते. मागच्या उन्हाळ्यात त्याचे मूठभर काटे मगरीच्या जबड्यात राहिले. म्हणून त्याने खडकावर लिहिले:

पाणवठा. पाण्यात उतरू नये.

कारण लिहिले नाही. सांगितले ते ऐकावे, असा त्याचा स्वभाव.

वानर आला. "काय बुवा, असं उघडंबोडकं लिहितात का?"

त्याने 'पाणवठा'चे शीर्षक केले. वर कंस घातले. खालच्या वाक्याला चांदण्या काढल्या.

"अर्थ कळतो ना?" काटेबुवाने विचारले.

"अर्थाचं नंतर बघू. आधी मांडणी."

सशाने एक चांदणी सरळ केली. मोराने दोन वाढवल्या. वाक्य कोणी वाचले नाही. ते तर साळिंदराचे होते.

मग मगरमावशी आली. तिने मात्र वाचले. शेपटीच्या टोकाने काहीतरी केले आणि कोपऱ्यात नोंद ठेवली: 'बारीक बदल. शुद्धलेखन.'

बारीक बदल तपासायचा नाही, असा वानराचा नियम होता. मोठ्यांना वेळ नसतो.

दुपारी परक्या रानातली एक तहानलेली हरणी आली. खडकावर ठळक अक्षरांत होते:

पाण्यात उतरून ये.

"काय अगत्य आहे!" ती म्हणाली. तिने कंसावर खूर ठेवला, तो थेट पाणवठ्यावर.

काटेबुवा बिळातून ओरडला, "ए पोरी, माघारी फिर! मगर आहे!"

"आजोबा, खडकावर तसं नाही लिहिलेलं."

"अगं, ते मीच लिहिलंय!"

"मग आधी ये म्हणायचं आणि आलं की ओरडायचं?" हरणी रुसली आणि पाण्यात उतरली.

काटेबुवाने पुढे वाद घातला नाही. पाठ फिरवून उलटी धाव घेतली आणि सगळे काटे तिला मागून टोचले. हरणी किंचाळून उडाली, ती पलीकडच्या काठावर. खाली मगरीचा जबडा रिकामाच मिटला.

हरणी वाचली. ओळ जंगलातल्या बाकी कोणी अजून वाचली नव्हती.

संध्याकाळी सभा भरली. हरणीची तक्रार होती, साळिंदराविरुद्ध. पाहुणीला काटे टोचले म्हणून.

काटेबुवाने खडकाकडे बोट केले. तेव्हा कुठे सगळ्यांनी ओळ वाचली.

मगरमावशी म्हणाली, "मी एकही अक्षर बदललेलं नाही. 'न' जरा अलीकडे सरकवला. मोजून घ्या."

वानराने मोजले. अक्षरे तेवढीच भरली.

"आणि बुवा, तुम्ही नुसतेच ओरडलात," तो म्हणाला. "तुमच्या ओरडण्याला चांदण्या होत्या का?"

काटेबुवा उठला. पाणवठ्यावर गेला आणि काटे उभारून, वाटेकडे पाठ करून बसला. ते कोणाला सुधारता येत नव्हते.

मगरमावशीला शुद्धलेखन तपासायला नेमले. या गोष्टीचे तात्पर्यही तिनेच तपासून दिले आहे.

तात्पर्य: ठळक अक्षरांविषयी शंका घेऊ नये. असलीच, तर मगरमावशीकडे घेऊन ये.