काशाकाकांचं बटण

"म्हातारा गेला एकदाचा. आता ती पोरगीच आहे. तोंड उघडत नाही, पण प्रोग्राम तीच लिहिते. तिच्याकडून काढून घेतो बटण. तू पॅकिंगचं बघून ठेव."

हे मी खिडकीतून ऐकलं. बोलणारे अमेय हे कल्याणचे व्यापारी. अंगणातल्या शेवग्याखाली उभे राहून मोबाइलवर भागीदाराशी बोलत होते. म्हातारा म्हणजे आमचे शेजारी काशाकाका. पाच मिनिटांपूर्वी ते शंभर डब्यांची ऑर्डर टेबलावर तशीच टाकून स्कूटरवरून निघून गेले होते. पोरगी म्हणजे मी. आणि बटण म्हणजे काय, हे सांगायचं तर काकांपासूनच सुरुवात करायला हवी.

टोकावड्याच्या अलीकडे, घाटाच्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. तिथे काशाकाका बिटकॉइन शोधायची यंत्रं बनवतात. असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या आईकडे. म्हणून मी सहसा सांगत नाही. काका मात्र एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही सांगतात.

यंत्र म्हणजे वरणाच्या डब्याएवढी एक डबी. आत एक चिप, एक छोटा पंखा, पुढे अंगठ्याएवढा पडदा. वीज एका दिव्याएवढी खाते. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकले, पण हा प्रकार मला काकांनीच नीट समजावला. "जगात एक कुलूप आहे गो. दर दहा मिनटांनी नवीन लागतं. ज्याची चावी बसली त्याला बक्षीस. मोठ्या लोकांनी गोदामं भरून चाव्या ठेवल्यात. आपली एकच. बसंल? नाय बसायची. पन कुलपाला काय कळतंय, चावी कोनाच्या गावची?"

हे शेवटचं वाक्य काका दिवसातून चारदा म्हणतात. वीज बिलाच्या रांगेत म्हणतात, तेराव्याला म्हणतात. एकदा नळाची लाइन टाकायला आलेल्या इंजिनिअरला त्यांनी हे ऐकवलं तेव्हा त्याने खांदे उडवून निमूटपणे आमच्या गल्लीचा पाइप आधी जोडला.

काका आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात बॅटरीवर चालणारी यंत्रं जोडायचे. कारखाना बंद झाल्यावर गावात येऊन पंपाच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरायला लागले. शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे टेस्टर आणि लहान स्क्रूड्रायव्हर. चष्म्याची दांडी तुटली तेव्हा ती त्यांनी तांब्याच्या तारेने बांधली आणि वर कथिलाचा डागही दिला, त्यामुळे तो चष्मा आता बंद होत नाही. रात्री ते तो खुंटीला टांगतात.

त्या स्क्रूड्रायव्हरपासूनच सगळं सुरू झालं. काही वर्षांपूर्वी समाजमंदिरात सूटबूट घातलेली दोन माणसं आली. त्यांनी टेबलावर लाल-निळे दिवे लुकलुकणारी एक पेटी ठेवली आणि सांगितलं की ही दिवसरात्र नाणी काढते, तुम्ही फक्त नाव नोंदवा. अर्ध्या गावाने आधीच नोंदवलं होतं. काका उठले, पुढे गेले आणि कोणी काही म्हणायच्या आत पेटीचे चार स्क्रू काढले. आत दिवाळीच्या दिव्यांची माळ होती आणि वजनासाठी विटेचा तुकडा. काकांनी माळेचा जोड उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "चोरी करायची तर करा, पन डाग तरी नीट मारा."

गाव चिडलं, पण काकांवर. ज्यांनी नावं नोंदवली होती त्यांना ती पेटी बंदच बरी वाटत होती. महिनाभर कोणी त्यांच्याकडे मोटर आणली नाही. तेव्हा काकांनी जाहीर केलं, की खरी पेटी कशी असते ते मी बनवून दाखवतो.

त्याला दोन वर्षं लागली. तीन चिपा जळल्या. त्या काकांनी कामाच्या टेबलामागे भिंतीला चिकटवल्यात आणि खाली खडूने 'हुतात्मे' असं लिहिलंय. चौथी चालली. इंग्रजी वाचायला आणि प्रोग्राम लिहायला मी होतेच. मी मुरबाडच्या इंग्रजी शाळेत शिकले, तिथे मराठी बोललं की दंड व्हायचा आणि घरी इंग्रजी बोललं की हसायचे, त्यामुळे मी एकूणच कमी बोलायला शिकले. काकांना ते सोयीचं पडलं. ते बोलायचे, मी लिहायचे.

डबी विकत घ्यायला येणाऱ्याची काका आधी परीक्षा घेतात. "रोजचे किती सुटतील?" असं कोणी विचारलं की डबी परत कपाटात जाते. शहापूरचा एक तरुण दोनदा विचारून बसला, तर काकांनी त्याला चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि स्वतः जीपमध्ये बसवून दिलं. डबी दिली नाही. याउलट आसनगावला राहणारे एक रेल्वेतले गृहस्थ आले, डबी कानाला लावून म्हणाले, "आवाज छान आहे." त्यांना काकांनी किंमत कमी करून दिली.

आता बटण. कुठलंही असलं यंत्र एकदा चालू केलं की चालत राहतं, त्यात त्याचा सगळा अर्थ आहे. काकांची डबी रोज पहाटे थांबते. तिच्या डोक्यावर एक लाल बटण आहे, ते माणसाने बोटाने दाबलं की पुन्हा चालू होते. दाबलं नाही तर दिवसभर तशीच बसून राहते. हे मीच प्रोग्राममध्ये लिहिलंय, एका ओळीत. लिहिताना मी विचारलं होतं, कशाला? काका म्हणाले, "यंत्राला रोज मालकाचा हात लागला पायजे." दुसऱ्या दिवशी आईने विचारलं तेव्हा म्हणाले, चिपेला विश्रांती हवी. वायरमनला सांगितलं, वीज वाचते. तीन माणसं, तीन कारणं. काकांचं असं होत नाही, ते एका गोष्टीचं एकच कारण सांगतात आणि तेच सांगत राहतात. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

इंटरनेटवर अशी यंत्रं बनवणाऱ्या हौशी लोकांची मंडळं असतात. तिथे मी आमच्या डबीचे फोटो टाकले, तर एका परदेशी माणसाने लिहिलं की इतकी मूर्ख कल्पना त्याने आयुष्यात पाहिली नाही. मी काकांना जरा सौम्य करून सांगितलं. काका म्हणाले, "त्याला लिही, तू तुझी म्हैस महिनाभर हात न लावता पाळतोस काय?" मी लिहिलं, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.

आजवर त्रेचाळीस डब्या गेल्या. काकांच्या खोलीत एक जुना टीव्ही आहे, डब्या इंटरनेटला जोडलेल्या असल्याने त्यावर त्रेचाळीस नावं दिसतात. बटण दाबलं की नाव हिरवं, नाहीतर लाल. काका सकाळी त्याच्यासमोर चहा घेऊन बसतात, जसे बाकीचे लोक पेपर घेऊन बसतात. वैशाखऱ्यातली, टोकावड्यातली पाचसहा नावं एकदम लाल झाली तर ते हलत नाहीत. "सगळे गेले तर वीज गेली. एकटा गेला तर मानूस," असं म्हणतात आणि एकटं नाव लाल दिसलं की फोन लावतात. बोलणं डबीपासून सुरू होतं आणि हळूहळू गुडघ्यांवर येतं. मी याला विक्रीनंतरची सेवा समजत होते. माहितीपत्रकात तसं लिहिलंही होतं.

काका घरात एकटेच. मालनकाकी सहा वर्षांपूर्वी गेल्या. दुपारची वेळ होती, काका बाजूच्या खोलीत मोटर भरत होते. गावाला एवढंच माहीत आहे, आणि काकांनी त्यापुढे कधी काही सांगितलं नाही.

तर आज अमेय आले. माणूस वाईट नाही. त्यांनी स्वतः एक डबी आधी घेतलेली, त्यांना ती मनापासून आवडली होती. कल्याण-बदलापूरला हौशी पोरं भरपूर आहेत, शंभर डब्या मी उचलतो, असं म्हणाले. काकांच्या हातच्या वस्तूला कोणी असं विचारणं हे पहिल्यांदाच. ते स्टुलावर सरळ होऊन बसले. चष्मा पुसायला गेले आणि तो उघडाच राहतो हे विसरून दोनदा मिटायला गेले. ही ऑर्डर आली तर 'काशा खुळावलाय' म्हणणाऱ्या गावाच्या नाकावर टिच्चून त्यांची डबी शंभर घरांत लागणार होती.

अट एकच होती. बटण काढायचं.

"बटन नाय निघायचं," काका म्हणाले.

अमेयनी नीट समजावलं. लोक सुट्टीत गावाला जातात, रोज कोण दाबणार. बाजारात बाकीच्या डब्या चोवीस तास चालतात, आपलीच का झोपावी. काकांनी म्हैस सांगितली. चिपेची विश्रांती सांगितली. वीज सांगितली. मग काही सांगायचं उरलं नाही तेव्हा नुसतं "नाय म्हंजे नाय" म्हणाले आणि टीव्हीकडे बघत बसले. तिथे सुमनबाईंचं नाव लाल होतं.

सुमनबाई वैशाखऱ्याच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. घरात काहीतरी घूं घूं करत असलं की बरं वाटतं म्हणून डबी घेतलेली. त्या आठच्या आत बटण दाबतात. सव्वाअकरा झाले होते. काकांनी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावून ते उठले आणि अमेयकडे न बघता बाहेर गेले. स्कूटरचा आवाज आला. 

अमेय आधी खो खो हसले, मग अंगणात जाऊन त्यांनी तो फोन केला. मी ऐकल्याचं त्यांना कळलं नाही. आत आले तेव्हा खूप गोड बोलले. मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. एका बटणापायी काकांचं नुकसान होऊ नये असं तुम्हालाही वाटत असेल. एक ओळ तर काढायची. काकांना कल्याणला मी सत्कारालाही बोलावीन. मी मान हलवली. ही माझी सवय आहे. समोरचा बोलायला लागला की माझी मान आपोआप हलते आणि त्याला ते होकारार्थी वाटतं. त्यांनी टेबलावरचा माझा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी फाइल उघडली. ती ओळ समोर आली. खरं सांगायचं तर अमेयचं सगळं मला पटत होतं. त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. काका.

बाई ठीक होत्या. पाहुणे आले होते, त्या गडबडीत बटण राहून गेलं; मग त्यांना सोडायला फाट्यावर गेल्या आणि मोबाइल घरी राहिला. आता काका त्यांच्या ओट्यावर चहा पीत होते आणि बाई त्यांना, उन्हातून असं धावत कोण येतं, म्हणून रागवत होत्या. मागून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. काकांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. अमेय गेले का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहेत.

काकांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "काढून टाकू काय गो बटन? शंभर घरं होतील. मी काय शंभर घरी स्कूटर घेऊन जानार?"

मी त्या ओळीवर कर्सर नेला. 

"मालनचा रेडिओ चालू होता त्या दिवशी," ते म्हणाले. "मोटर भरता भरता मला ऐकू येत व्हता. मला वाटलं ती ऐकतेय. पाच वाजेपर्यंत मी आत गेलो नाय. यंत्र चालू आहे म्हंजे मानूस आहे, असं नसतं गो. म्हनून ते बटन. पन हे माझं झालं. लोकांना कशाला माझं. तू बघ काय ते. प्रोग्राम तुझा."

त्यांनी फोन ठेवला.

टीव्हीवर सुमनबाईंचं नाव हिरवं झालेलं दिसलं. बहुतेक काकांनीच त्यांना उठवून बटण दाबायला लावलं असेल, स्वतः दाबलं नसेल. त्यांच्या हिशेबी ते चालणारच नाही. बाकीची बेचाळीस नावं मी एकेक करून वाचली. मला ती पाठ होती, पण मी ती आजवर माणसांची म्हणून वाचली नव्हती. रेल्वेतल्या गृहस्थांचं, धसईच्या एका आजोबांचं, खर्डीच्या एका बाईंचं, ज्यांचा नवरा परगावी असतो. सगळी हिरवी. म्हणजे आज सकाळी बेचाळीस बोटांनी बेचाळीस बटणं दाबली होती.

"काय म्हणाले काका?" अमेयनी विचारलं. "तयार झाले ना?"

माझी मान हलायला लागली होती, ती मी थांबवली. लॅपटॉप बंद केला आणि बाजूला सरकवला. आवाज बऱ्यापैकी मोठा निघाला.

"बटण राहील. शंभरपैकी ज्याने कोणी दाबलं नाही, त्याला फोन मी करेन."