डाव्या बाजूचा धुरा

यादोराव अकराव्यांदा फॉर्ममधून बाहेर पडले तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि पीक नोंदणीची मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती.

आंधळगावच्या शिवारातल्या त्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान पोटरीत आलं होतं. धानाची काही तक्रार नव्हती. पण मोबाइलच्या ॲपमध्ये, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून पाठवल्याशिवाय ते धान सरकारच्या लेखी उगवलेलंच नव्हतं. आणि न उगवलेलं धान खरेदी केंद्रावर कुणी उतरवून घेत नाही. फॉर्मची पानं चार होती. पहिल्यावर नाव, दुसऱ्यावर गट नंबर, तिसऱ्यावर पीक, चौथ्यावर फोटो. यादोराव तिसऱ्या पानापर्यंत नीट जात. चौथ्यावर पोचले की फोन आपणहून मागे फिरे आणि विचारी, ‘तुम्हाला बाहेर पडायचे आहे का?’ यादोराव ‘हो’ दाबत. कुणी नीट शब्दांत विचारलं की नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

कारण साधं होतं. त्यांची मुलगी शुभांगी लाखनीच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. रविवारी घरी आली तेव्हा तिने बाबांच्या फोनच्या तळाची तीन बटणं काढून टाकली. आता मागे जायचं तर स्क्रीनच्या काठावरून बोट आत सरकवायचं. ‘स्क्रीन मोठी दिसते,’ असं ती म्हणाली होती, आणि स्क्रीन खरोखरच मोठी दिसत होती. पण फोटोचं पान आलं की, कापणीच्या वेळी धानाची मूठ धरावी तसा यादोराव फोन डाव्या हातात धरत. त्यांचा जाडजूड अंगठा काठावर टेके, घामाने आत घसरे, आणि फोनला वाटे, मालकांना मागे जायचंय.

“पोरीले फोन लावा ना,” धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेली त्यांची बायको रुखमिणी म्हणाली.

“तिच्या कामाच्या टायमाले कायले लावू?”

“तं मंग सरकारले लावा.”

यादोरावांनी शुभांगीला लावला. स्क्रीन बघता यावी म्हणून स्पीकर सुरू केला. स्पीकरवर हळू बोललेलं पलीकडे पोचतं यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते ओरडून बोलत. बाबा ओरडतात म्हणजे त्यांना ऐकू येत नसावं, या हिशेबाने शुभांगीही ओरडे.

“बाई, हे वापस येऊन राहिलं! चवथ्या पानावर गेलो का वापस!”

“बाबा, तुमचा अंगठा काठावर लागून राहिला. असं करा, स्क्रीन म्हणजे आपली बांधी समजा!”

“समजलो!”

“डावीकडचा काठ म्हणजे डावा धुरा, उजवीकडचा काठ म्हणजे उजवा धुरा. धुऱ्यावरून बोट आत आलं का फोन वापस जाते. आता आपण सेटिंगमध्ये जाऊन धुराच बारीक करून टाकू.”

गेल्या चार दिवसांत त्या फोनबद्दल कुणी सांगितलेली ही पहिली गोष्ट होती, जी यादोरावांना पूर्ण कळली. शुभांगी सांगत गेली तसे ते सेटिंगमधून सिस्टममध्ये, सिस्टममधून जेश्चरमध्ये उतरत गेले. शेवटी दोन आडव्या रेघा, प्रत्येकीवर एक गोल ठिपका आणि वर एक लांबलचक शब्द आला.

“सं-वे-दन-शील-ता,” त्यांनी वाचलं. “हे कमी करू का जास्त?”

“ते तुमच्यात हायच कुठं कमी कराले?” रुखमिणी म्हणाली.

“आई, तू थांब! बाबा, डावा धुरा बारीक करा! जेवढा होते तेवढा!”

“आन् उजवा?”

“उजवा राहू द्या! त्याचा काही त्रास नाही. त्रास आहे तो डाव्याचाच!”

“करतो! एकदम काटून टाकतो!”

“आणि कोणी विचारलं तं ‘नाही’ म्हणा! दरवेळी ‘हो’ कायले म्हणता?”

शेतात उभं राहिलं की यादोरावांच्या डाव्या हाताला हिरालालची बांधी लागते. दोघांच्या मधला मातीचा धुरा एके काळी त्यावरून बैल चालत जाईल एवढा रुंद होता. दरवर्षी रोवणीच्या आधी दोघेही गवत काढायला आपापल्या बाजूने फावडं मारतात आणि गवताबरोबर चार बोटं मातीही काढतात. त्या धुऱ्यावरून आता माणूस चालतो तोही एकामागे एक पाऊल टाकत. कुणी किती माती काढली हा प्रश्न दोन्ही घरांत दरवर्षी निघे, फक्त आपापल्या घरात. मोठ्याने कधी निघाला नव्हता.

त्या क्षणी हिरालाल धुऱ्याच्या पलीकडे उकिडवा बसून म्हशीसाठी गवत कापत होता. त्याने सगळं ऐकलं, ‘बारीक करा’पासून ‘कोणी विचारलं तं नाही म्हणा’पर्यंत. तो विळ्यासकट उभा राहिला.

“यादोभाऊ, काय काटून राहिला गा?”

यादोराव दचकले. शिकवणी ताजी होती. ते म्हणाले, “नाही.”

“काय नाही?”

“काहीच नाही.”

“डावा धुरा काटतो म्हणलास ना आता?”

“नाही,” यादोराव पुन्हा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ते सहज जमत होतं.

हिरालालने विळा खाली ठेवला आणि खिशातून स्वतःचा मोबाइल काढून तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांना लावला. अध्यक्ष भैयाजी वीस मिनिटांनी मोटरसायकलवर आले. गाडी झाडाखाली लावून, चपला हातात घेऊन ते धुऱ्याधुऱ्याने चालत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून तीन भांडणं सोडवल्याचा थकवा होता. चौथं कशाचंही असलं तरी ते बसूनच ऐकणार होते. ते रुखमिणीशेजारी बसले.

“बोला. कोणी मारलं कोणाले?”

“मारलं नाही जी, अजून,” हिरालाल म्हणाला. “हे पोरीले विचारून माझ्या बाजूचा धुरा काटून राहिले. पोरगी फोनवर सांगून राहिली, डावाच काट, उजव्याचा त्रास नाही. वरून म्हणते, कोणी विचारलं तं नाही म्हणा. मी विचारलो. हा नाही म्हणला!”

भैयाजींनी यादोरावांकडे पाहिलं. “खरं हाय का, यादोराव?”

‘हो’ म्हटलं तर धुरा कापल्याचं कबूल होत होतं, ‘नाही’ म्हटलं तर मुलगी खोटी पडत होती.

“भैयाजी काका!” रुखमिणीच्या मांडीजवळ ठेवलेला फोन ओरडला. चौघेही एकदम खाली बघायला लागले. शुभांगी अजून लाइनवरच होती. “धुरा म्हणजे मोबाइलचा धुरा!”

“मोबाइलले धुरा असते का व?” हिरालालने खाली वाकून विचारलं.

“असते काका! काठाले मी धुरा म्हणलं, बाबांले समजावं म्हणून!”

“मंग काठच म्हणायचं ना. धुरा कायले म्हणायचं? धुरा काय मस्करीची गोष्ट हाय का?”

“काका, इथं माझ्यापुढे आठ पेशंट रांगेत आहेत. मी जोरात धुरा-धुरा करून राहिली. तेही माझ्याकडेच पाहून राहिले.”

भैयाजींनी हात पुढे केला. “दाखवा. मी स्वतः पाहतो.” त्यांनी फोन घेतला, फॉर्म उघडला, नाव, गट, पीक भरत चौथ्या पानावर पोचले, फोटोसाठी फोन डाव्या मुठीत धरला, आणि फोन वापस गेला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा केलं. फोन पुन्हा वापस गेला. यादोरावांनी ठिपका अजून हलवलाच नव्हता. तेवढ्यात हिरालाल उभा राहिला होता ना.

“हे तं खरंच वापस येते,” भैयाजी थकून म्हणाले.

हिरालाल वाकून बघत होता. त्याचा आवाज बदलला. “असंच... असंच माझंही होऊन राहिलं जी. तीन दिवसांपासून. मी समजलो का नेटवर्क नाही.”

“तुझी नोंदणी झाली नाही?”

“कुठची जी? आज होते, उद्या होते, करून राहिलो.”

“उद्या नाही. आज सहापर्यंतच हाय.”

पावणेपाच झाले होते. चौघांनी एकाच वेळी उन्हाकडे पाहिलं. मग सगळेच यादोरावांच्या फोनवर वाकले. शुभांगीच्या सांगण्यावरून ते पुन्हा त्या आडव्या रेघांपर्यंत आले. रेघा दोन होत्या, डावीची आणि उजवीची. यादोरावांनी डावीचा ठिपका सरकवायला बोट लावलं तशी हिरालालने त्यांचं मनगटच पकडलं.

“थांब. फक्त डावाच काहून?”

“अरे, मोबाइलचा हाय ना गा.”

“मोबाइलचा असो. डाव्या बाजूले मी हाओ. डावा बारीक करशीन तं उजवाही कर. दोन्हीकडे सारखं पाहिजे.”

“काका, उजवा राहू द्या, वापस जायले लागते तो!” शुभांगी ओरडली.

“पाह्य! म्हणूनच म्हणलो. उजव्याले सांभाळून राहिली पोरगी.”

यादोरावांनी भैयाजींकडे पाहिलं. भैयाजींच्या अनुभवाप्रमाणे, भांडण मोबाइलचं असो की मातीचं, मिटवायची रीत एकच होती. “करून टाक दोन्ही,” ते म्हणाले. “कोणाची तक्रार नको.”

दोन्ही ठिपके रेघेच्या टोकाला गेले. यादोरावांनी फॉर्म उघडला. नाव. गट. पीक. चौथं पान आलं आणि तसंच राहिलं. अंगठा जागच्या जागी होता, घसरतही होता, पण फोन हलला नाही. रुखमिणीने नकळत हात जोडले.

“काढा फोटो,” भैयाजी म्हणाले.

यादोराव बांधीत उतरले, चार पावलं आत गेले आणि धान नीट दिसावं म्हणून फोन छातीजवळ उभा धरला.

“आडवा धर गा, आडवा!” हिरालालला राहवलं नाही. तो धुऱ्यावरून उतरून, हात वर करून सांगत यादोरावांच्या समोर गेला. “आडवा धरला का धान जास्त...”

फोटो निघाला.

स्क्रीनवर हिरालाल होता. तोंड उघडं, उजवा हात वर, मागे थोडंसं धान. खाली फक्त एक बटण होतं: ‘पुढे जा’.

“दुसरा काढा,” रुखमिणी म्हणाली.

“वापस जावं लागीन ना,” यादोराव म्हणाले. त्यांनी डावीकडून बोट आत सरकवलं. काही झालं नाही. उजवीकडून सरकवलं. अंगठा बदलून पाहिला, करंगळीने पाहिला. फोन शांत होता. “बाई, वापस जाता येऊन नाही राहिलं!”

“जाणार कसं बाबा, दोन्ही धुरे खतम करून टाकले तुम्ही!” शुभांगीचा आवाज आता ओरडण्यापलीकडे गेला होता. “ॲप बंद करून पुन्हा पहिल्यापासून भरा. किती वाजले?”

साडेपाच होऊन गेले होते. एका फॉर्मला आंधळगावच्या नेटवर्कवर पंधरा मिनिटं लागत होती. हिरालालचा फॉर्म अजून उघडलेलाही नव्हता.

यादोरावांनी हिरालालकडे पाहिलं, मग स्क्रीनवरच्या हिरालालकडे. ‘पुढे जा’ दाबलं. एक चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण आली. नोंदणी यशस्वी.

हिरालाल हळूच म्हणाला, “म्हणजे सरकारच्या कागदात तुझ्या बांधीत मी उभा हाओ?”

यादोरावांच्या पायांखालची जमीन चिखलाचीच होती, तरी ती त्यांना आणखी थोडी सरकल्यासारखी वाटली. हिरालालच्या चेहऱ्यावर दिवसातलं पहिलं हसू आलं. ते पाहून रुखमिणी ताडकन उठली.

“भैयाजी, हे चालणार नाही. उद्या हा म्हणीन, माझी बांधी हाय, फोटो पाहा.”

“मी कायले म्हणीन व वहिनी?”

“हासून कायले राहिला मंग?”

भैयाजींनी डोळे मिटले. चपला हातात घेतल्या. गाडी दोनशे पावलांवर होती, घरी जेवण झाकून ठेवलेलं होतं, आणि मधे फक्त हे एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. “हिरालालच्या फोटोत यादोराव उभा राहीन,” ते म्हणाले. “बरोबरी झाली. लवकर करा.”

हिरालालचं हसू गेलं, पण मुदतीला पंधरा मिनिटं होती आणि भांडायला त्याहून जास्त लागली असती. रुखमिणीने स्वतः त्याच्या फोनमधल्या दोन्ही रेघा टोकाला नेल्या. तिला एव्हाना पाठ झालं होतं. नाव, गट, पीक. यादोराव धुरा ओलांडून हिरालालच्या बांधीत उतरले आणि घोट्यापर्यंतच्या पाण्यात, हात सरळ सोडून, उभे राहिले.

“हास ना गा थोडा,” हिरालाल म्हणाला.

“आता हासू कुठून?”

फोटो निघाला. हिरालालने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. “डोळे बंद आले याचे.”

“वापस जाता येते का?” भैयाजींनी विचारलं.

“नाही जी.”

“किती वाजले?”

“सहाले चार कमी.”

“पाठवून दे मंग,” भैयाजी धुऱ्यावरून चालायला लागत म्हणाले. “सकाळपासून उभा हाय माणूस. झोपू दे त्याले तिथंच.”