बाळंतपणाची पावती

सांगलीच्या नव्या कंपनीत रुजू होण्याच्या फॉर्मवरचे सहा रकाने गंगाधरनं सुवाच्य अक्षरात भरले आणि सातव्यापाशी त्याचं पेन थांबलं. ‘पत्नी सध्या गरोदर आहे काय?’ असा साधा प्रश्न होता, आणि उत्तरही साधं होतं. उमाला दोन महिने एकोणीस दिवस झाले होते. पण अंबूबाईंचा, म्हणजे त्याच्या आईचा, हुकूम होता की तीन महिने पुरे होईतो ही गोष्ट चौघांच्या बाहेर जायची नाही. चौघं म्हणजे अंबूबाई, उमा, गंगाधर आणि डॉक्टरीणबाई. त्यातही डॉक्टरीणबाईंना नाइलाजानं सांगावं लागलं होतं.

गंगाधर हिशेबनीस होता. साताऱ्याच्या कारखान्यात आठ वर्षं त्यानं एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. खोटं लिहायला त्याचा हात धजेना. शेवटी त्यानं मनाशी तोड काढली, की जी गोष्ट अकरा दिवसांनी उघड करायचीच आहे ती आज झाकली, तर ते अकरा दिवसांपुरतंच खोटं. त्यानं ‘नाही’ लिहिलं, खाली सही ठोकली आणि तारीख घातली : १ जून १९९६.

तीन महिने भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो सातारी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन सांगलीच्या ऑफिसात आला. पहिला पेढा आस्थापना विभागाच्या बिराप्पांना. बिराप्पा जतकडचे, अकरा वर्षं एकाच खुर्चीत बसलेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, कितवा महिना ते विचारलं, आणि चावायचे थांबले.

“चौथा लागला म्हणताय?”

“कालच लागला.”

“आन तुमी इथं लागलाय कवा?”

“एक तारखेला.”

बिराप्पांनी पेढा तसाच गिळला आणि फाइल काढली. मग शांतपणे नियम सांगितला. बाळंतपणाचा सगळा खर्च कंपनी द्यायची, ऑपरेशन झालं तरी. रुजू होताना सांगितलं असेल तर लगेच, नसेल तर नोकरीचे नऊ महिने भरल्यानंतर होणाऱ्या बाळंतपणालाच. गंगाधरनं बोटं मोजली. नऊ महिने फेब्रुवारीअखेर भरत होते. मूल डिसेंबरात यायचं होतं, आणि ते कंपनीसाठी अडीच महिने आत बसून राहील असं वाटत नव्हतं.

साताऱ्याचा जुना कारखानाही बाळंतपणाचा खर्च द्यायचा. पण तिथं त्याच्या खुर्चीवर दुसरा बसला होता, आणि त्याला काम गंगाधरनंच शिकवलं होतं. त्यातच डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तयारी ठेवा असं सुचवलेलं. म्हणजे चार पगार एका दिवसात जाणार. संध्याकाळी विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत उमानं सगळं ऐकून घेतलं.

“त्या रकान्यात मी गरोदर नाहीये ना,” ती म्हणाली, “मग रात्रीची भांडी रकान्यातल्या उमाला घासायला सांगा.”

बिराप्पा मनानं वाईट नव्हते. ज्याच्यामुळे माहिती दडली त्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं तर साहेबांकडून चूक दुरुस्त करून घेऊ, असं त्यांनीच सुचवलं. अंबूबाई साताऱ्याहून एसटीनं आल्या, स्टॅम्पपेपरशेजारी बसल्या आणि मजकूर वाचून दाखवल्यावर त्यांनी अंगठा आखडून घेतला. त्यांना ‘माझ्या चुकीमुळे’ हे शब्द मान्य नव्हते.

“पण आजी,” बिराप्पा म्हणाले, “कागदावर लिवल्यानं काय हुतंय? कागदाची काय नजर लागती?”

“कागदाची न्हाई लागत सायेब, वाचनाऱ्याची लागती. आन तुमचं डोळं घारं हायत.”

बिराप्पांनी ‘चुकीमुळे’ खोडून ‘काळजीपोटी’ असं घातलं, शेजारी दुरुस्तीची सही केली, आणि अंगठा उठला. महिनाभरानं मंजुरी आली. अट एकच होती, की बाळंतपण कंपनीनं नेमलेल्या सांगलीच्या दवाखान्यातच व्हायला हवं. गंगाधरनं मंजुरीच्या तीन झेरॉक्स काढल्या. आठवडाभर त्याला झोप चांगली लागली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी लालासाहेब, उमाचे वडील, लेकीला कोरेगावला न्यायला आले. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. गंगाधरनं त्यांना योजना समजावली, मंजुरीची एक झेरॉक्सही हातात दिली. त्यांनी ती ऑर्डर वाचावी तशी ताठ बसून वाचली.

“म्हंजी पाव्हणं, माझ्या लेकीचं पयलं बाळंतपण कंपनी करनार?”

“करणार नाही, फक्त खर्च देणार.”

“आन मी काय करू? दारात हुबं राहून सॅल्यूट मारू?”

दोन दिवस ते सांगलीतच बसून राहिले, पण जेवताना वाढ म्हणाले नाहीत. शेवटी तोडगा उमानं काढला. ऑपरेशन लागलं तर कोरेगावातून धावपळ नको, तेव्हा बाळंतपण सांगलीत होऊ दे. आई-बाबा जिथं असतील तिथं माझं माहेर. लालासाहेबांनी यावर एक चहा घेण्याइतका विचार केला आणि दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तीन महिन्यांसाठी खोली घेतली. कोरेगावहून बंब आला, पाटा-वरवंटा आला, डिंक, मेथ्या आणि तुपाचा डबा आला. दारावर ‘कोरेगाव’ अशी पाटी लावायची तेवढी राहिली. उमा रिक्षात बसून, डोळ्यांना पदर लावून, दीड किलोमीटरवरच्या माहेरी गेली.

डिसेंबरात ऑपरेशन होऊन मुलगी झाली. दोघी खुशाल होत्या. नवव्या दिवशी गंगाधर मंजुरीपत्र घेऊन दवाखान्याच्या खिडकीशी गेला, तर तिथल्या बाईंनी वही फिरवून दाखवली. बाकी शून्य. एक मिलिटरीवाले बाबा रोज संध्याकाळी पैसे भरून जात होते, आणि आज सकाळी पेशंटला घेऊनही गेले होते.

गंगाधर मागच्या गल्लीत धावला. लालासाहेब बंबापाशी बसून ढलप्या सारत होते. त्यानं पावत्या मागितल्या.

“ह्यात घातल्या,” लालासाहेब बंबाकडं बोट करून म्हणाले. “लेकीच्या बाळंतपणाच्या पावत्या जपून ठेवनारा बाप कवा बघितलाय का, पाव्हणं?”

आतून पाण्याचा आणि बाळाचा आवाज येत होता. पावत्यांच्या नकला मिळतील, असं गंगाधर आत जाऊन उमाला हळूच म्हणाला.

“आणा की,” उमा म्हणाली. “कंपनीकडून पैसेही आणा. मग ते पैसे बाबांच्या हातात कोण ठेवणार, तेवढं आधी ठरवा.”

गंगाधर दुसऱ्या दिवशी बिराप्पांकडं गेला आणि घसा खाकरून सगळं सांगायला लागला. बिराप्पांनी पुरतं ऐकलंही नाही. फाइल उघडीच होती आणि तिच्यावर ‘मागणी नाही’ असा शेरा मारून झाला होता.

“सासऱ्यानं भरलं न्हवं?” त्यांनी विचारलं. “भरतोयच. अकरा वर्सं बघतोय मी.”

“म्हणजे अजून कुणीच पैसे घेतले नाहीत?”

“एकानं घेतलं. त्यानं पळून जाऊन लगीन केलंतं.”

पुढच्या खेपेला तरी योजनेचा उपयोग होईल, असं गंगाधर म्हणाला.

“पुढच्या खेपंला न्हाई. योजना पयल्या बाळंतपणापुरतीच हाय. मालक काय परमुलखातलं हायत व्हय? इथलंच हायत. पयलं बापच करतोय, ठाव हाय त्यास्नी.”

मग त्यांनी खणातून कर्मचारी पतसंस्थेचा बचतीचा एक कोरा अर्ज काढून पुढं सरकवला. “मुलगीच न्हवं तुमाला? आतापासनं कापायला लागू. पंचवीस वर्सांनी हाताशी यील.”

गंगाधरनं पेन उघडलं. त्यानं एवढंच विचारलं, की रक्कम साध्या बाळंतपणाची धरायची की ऑपरेशनची.